कॅमस: कच्चा कंद, ओला पाला आणि दोन दिवसांची भट्टी

कॅमसचा कंद कच्चा चावला तर तोंडात बुळबुळीत लागतो. चव जवळजवळ नसतेच, आणि पोटभर खाल्ला तर काही तासांत पोट गच्च फुगतं. हाच कंद तापलेल्या दगडांवर, ओल्या पाल्यात झाकून, मातीखाली दीड-दोन दिवस राहिला की काळपट तपकिरी, मऊ आणि गोड होऊन बाहेर येतो. भाजलेलं रताळं आणि काकवी यांच्या मधली त्याची चव. साखरेचा कण कोणी घातलेला नसतो. ही गोडी आली कुठून, हे समजलं की कॅमसची भट्टी तशीच का लावावी लागते तेही समजतं.

कॅमस हे उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातलं रानटी कंदमूळ. कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत, अमेरिकेतली वॉशिंग्टन, ओरेगॉन, आयडाहो आणि मोंटाना ही राज्यं, खाली उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत त्याचं घर. नेझ पर्स, कालापुया, किनाऱ्याकडचे कोस्ट सॅलिश आणि इतर अनेक मूलनिवासी समाजांच्या जेवणात सामन माशाच्या बरोबरीनं मान असलेलं हे अन्न. ओरेगॉनमधल्या विलामेट खोऱ्यात कॅमस भाजायच्या भट्ट्यांचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. ‘कॅमस’ हा शब्दही नेझ पर्स भाषेतूनच, व्यापाऱ्यांच्या मिश्र बोलीतून इंग्रजीत गेला.

शास्त्रीय नाव कॅमासिया क्वामाश. पूर्वी याला लिलीच्या कुळात धरायचे, आता शतावरीच्या कुळात धरतात. त्या कुळाच्या ज्या उपकुळात कॅमस आहे, त्यातच आपल्या बांधांवरचं घायपात आहे आणि पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका बाजारात आणतात ती फोडशीही. म्हणजे कॅमस दिसायला परका असला तरी त्याचे चुलतभाऊ आपल्या ओळखीचे आहेत. घायपाताची गोष्ट पुढे येईल.

झाड ओळखायचं कसं

कॅमसला हिवाळा-वसंतात भरपूर ओल आणि उन्हाळ्यात पूर्ण कोरडी जमीन लागते. म्हणून ते उघड्या कुरणांत, पाणथळ माळांवर आणि विरळ ओकच्या रानात वाढतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीतून गवतासारखी लांब, अरुंद पानं थेट वर येतात, खोड नसतं. एप्रिल ते जून, उंचीप्रमाणे पुढेमागे, मधून एक दांडा निघतो. तो वीतभरापासून कधी गुडघ्याच्या वर जातो आणि त्यावर निळी-जांभळी फुलं खालून वर उमलत जातात. जूनच्या शेवटी तिभागी बोंडं तडकतात, काळं चकचकीत बी सांडतं, पानं वाळून जातात आणि ऑगस्टमध्ये त्या जागी काही होतं हे सांगूनही खरं वाटत नाही.

प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर. नीट पाहिलं तर पाकळ्या सारख्या अंतरावर नसतात: पाच एका बाजूला वळलेल्या आणि एक खाली वेगळी पडलेली. क्वामाश जातीची ही ओळखीची खूण आहे. याच भागात उंच वाढणारी दुसरी जात आहे, कॅमासिया लाइश्टलिनी. तिच्या पाकळ्या सारख्या अंतरावर असतात आणि फूल सुकताना पिळल्यासारख्या एकत्र गुंडाळतात. दोन्ही खाण्याजोग्या, म्हणून हा फरक पोटासाठी महत्त्वाचा नाही.

कंद छोट्या कांद्याएवढा, वर तपकिरी पातळ साल, आत पांढरा. तो वरवर नसतो. मोठा कंद बऱ्याचदा एक वीत खोल जातो, कारण याची काही मुळं आकसतात आणि कंदाला दरवर्षी थोडं खाली ओढतात. म्हणून पान धरून उपटलं तर हातात फक्त पान येतं.

पांढऱ्या फुलाचा धोका

याच माळावर, याच महिन्यांत, कधी हातभर अंतरावर आणखी एक कंद उगवतो. इंग्रजीत त्याला ‘डेथ कॅमस’ म्हणतात, आपण मृत्यू-कॅमस म्हणू. शास्त्रीय नाव टॉक्सिकोस्कॉर्डियन व्हेनेनोसम. पान, फूल, बी, कंद, सगळंच विषारी. त्यातल्या झायगासिन नावाच्या अल्कलॉइडमुळे लाळ सुटते, उलट्या होतात, नाडी मंदावते, रक्तदाब खाली जातो. मेंढरं हे खाऊन दरवर्षी दगावतात. शिजवल्यानं हे विष जात नाही. भट्टीत दोन दिवस ठेवा की चार, खाल्ल्यावर परिणाम तोच.

फुलं असताना दोघांत गोंधळ होत नाही. मृत्यू-कॅमसची फुलं लहान, मलईसारखी पांढरी, दांड्याच्या टोकाला दाटीनं बसलेली. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पिवळसर-हिरवा ठिपका, म्हणजे मधाची ग्रंथी. कॅमसचं फूल मोठं, निळं आणि मोकळं. गोंधळ होतो तो फुलं नसताना. पानं जवळजवळ सारखी (मृत्यू-कॅमसचं पान मधोमध जास्त घडी पडलेलं असतं, पण एवढ्यावर जीव टांगू नये), कंदही सारखेच. वासावरून कळेल म्हणावं, तर इथेच बरेच लोक चुकतात. रानकांद्याला कांद्याचा वास येतो, म्हणून वास नसलेला कांदा टाकून द्यायचा हा नियम रानकांद्यापुरता बरोबर आहे. पण कॅमसलाही कांद्याचा वास नसतो आणि मृत्यू-कॅमसलाही नसतो. इथे नाक उपयोगाचं नाही.

बोंडांवरून मात्र कळतं. मृत्यू-कॅमसच्या फुलात तीन सुटे कुक्षिवृंत (बीजकोशावरच्या बारीक दांड्या) असतात, त्यामुळे वाळलेल्या बोंडावर तीन टोकं चोचींसारखी उभी राहतात. कॅमसला एकच कुक्षिवृंत असतो, बोंड जाड आणि बी काळं कुळकुळीत.

यातून जुना आणि आजही लागू असणारा नियम निघतो: दांडा कंदाला जोडलेला असेल आणि त्यावर निळं फूल किंवा कॅमसचंच बोंड दिसत असेल, तरच तो कंद टोपलीत. दांडा तुटला, कंद सुटा झाला, की तो टाकायचा. पांढरं फूल दिसलं तर हात लावायचा नाही. कॅमसमध्येही क्वचित पांढरी फुलं येतात, पण त्या एका कंदासाठी धोका पत्करू नये. किनाऱ्याकडच्या सॅलिश बायका याहून पुढची काळजी घ्यायच्या. फुलोऱ्याच्या दिवसांत, रंग स्पष्ट असताना, आपल्या वाफ्यांतला मृत्यू-कॅमस खणून काढून टाकायच्या, म्हणजे पुढे फुलं गळल्यावर खणताना मळा आधीच साफ असायचा.

कोकणात-सह्याद्रीत कोळकांदा ओळखणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही. तोही दिसायला कांदा आणि खायला विष, आणि तोही याच शतावरी कुळातला.

पोट का फुगतं

बटाटा किंवा रताळं आपली शिदोरी स्टार्चच्या रूपात साठवतं. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची साखळी, आणि ती तोडायची कात्री आपल्या लाळेत नि आतड्यात आहे. कॅमस स्टार्च साठवत नाही, इन्युलिन साठवतो. इन्युलिन ही फ्रुक्टोजची, म्हणजे फळांत असते त्या साखरेची साखळी आहे, टोकाला एक ग्लुकोज. कड्या वेगळ्या पद्धतीनं जोडलेल्या असल्यामुळे आपली कात्री इथे चालत नाही. कच्चं इन्युलिन लहान आतड्यातून जसंच्या तसं पुढे सरकतं, मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथल्या जीवाणूंना मेजवानी मिळते. ते आंबवतात, वायू होतो, पोट फुगतं. प्रमाण जास्त झालं तर जुलाब.

कांदा-लसणात याच प्रकारच्या साखळ्या असतात, म्हणून काहींना कच्च्या कांद्यानं गॅस होतो. फरक प्रमाणाचा आहे. कांदा आपण तोंडी लावतो, कॅमस लोक जेवण म्हणून खायचे.

या चुकीची सर्वांत प्रसिद्ध नोंद १८०५ सालची आहे. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची अमेरिकी सरकारनं पाठवलेली शोधमोहीम बिटररूट डोंगर ओलांडताना उपाशी पडली होती, घोड्याची शिंगरं मारून खायची वेळ आली होती. २० सप्टेंबरला क्लार्क पुढे निघून आयडाहोतल्या वीप माळावर पोचला आणि नेझ पर्स लोकांनी त्याला सुकवलेलं मांस, सामन, फळं आणि कॅमसची भाकर दिली. उपाशी पोटी सगळ्यांनी भरपूर खाल्लं आणि माणसं दिवसेंदिवस उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. दोष एकट्या कॅमसचा नव्हता. उपासानंतर एकदम सुका मासा आणि सवय नसलेलं कंद-अन्न पोटात गेलं. यजमान तेच रोज खात होते आणि ठणठणीत होते. नीट शिजलेल्या कॅमसमध्येही थोडं इन्युलिन उरतंच. म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्यानं दोन-तीन कंदांवर थांबावं आणि दुसऱ्या दिवशी पोट काय म्हणतं ते पाहावं.

साखळी तोडायची तर तीन गोष्टी लागतात: उष्णता, पाणी आणि भरपूर वेळ. थोडं आम्ल असेल तर काम लवकर होतं. प्रत्येक कडी तुटताना पाण्याचा एक रेणू खर्च होतो, म्हणून कोरडी भाजणी उपयोगाची नाही. बाहेरून करपतं आणि आत साखळी तशीच राहते. अर्धा तास उकळलं तर कंद मऊ होतो आणि फसवतो, कारण मऊ होणं म्हणजे शिजणं नाही. पाणी आणि उष्णता आहे, पण वेळ नाही.

घायपाताची गोष्ट इथे येते. त्याच्या गाभ्यातही अशाच फ्रुक्टोजच्या साखळ्या असतात. मेक्सिकोत मेस्काल दारू करणारे हा गाभा तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात, मातीखाली काही दिवस भाजतात आणि गोड झाल्यावरच आंबवतात. दोन चुलत वनस्पती, हजारो किलोमीटरचं अंतर, आणि दोन्हीकडच्या लोकांनी खड्ड्याचाच उपाय शोधला. (आपल्या कुंपणाचं घायपात मात्र कोणी करून पाहू नये. त्याचा रस अंगाला लागला तरी आग होते, आणि कुठली जात खाण्याची हे तिथले जाणकारच जाणतात.)

भट्टी

रायगडची पोपटी ज्यांना माहीत आहे त्यांना अर्धी भट्टी आधीच कळलेली आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, तोंड बंद, बाहेरून जाळ; पाणी न घालता पाल्याच्याच ओलीवर शेंगा वाफवल्या जातात. कॅमसच्या भट्टीत मडक्याचं काम जमीन करते आणि जाळाचं काम दगड. पोपटी मात्र तासाभरात उघडते. इथे दगडांनी दीड-दोन दिवस ऊब टिकवायची असते.

लुईसनं जून १८०६ मध्ये नेझ पर्स बायकांच्या भट्टीची नोंद केली आहे: सुमारे १० फूट व्यासाचा, दीड-दोन फूट खोल खड्डा आणि एका वेळी २० ते ३० बुशेल कंद. एक बुशेल म्हणजे साधारण ३५ लिटर, म्हणजे एका भट्टीत कित्येक पोती. हा एका घराचा स्वयंपाक नव्हता, अनेक घरांची वर्षाची बेगमी होती. आज लोक शिकण्यासाठी लावतात ती भट्टी मीटरभर रुंद आणि दोन फूट खोल असते, आणि तिची रीत अशी.

खड्ड्याच्या तळाला सुकं लाकूड रचायचं, त्यावर दोन-तीन किलोचे दगड. दगड घट्ट, बिनभेगांचे हवेत. तिकडे बेसाल्ट मुबलक आहे, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच. ते कोरड्या जागेचे असावेत. नदीतून ताजे उचललेले दगड कधीही घेऊ नयेत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, दगड फुटतो आणि कपच्या अंगावर उडतात. जाळ दोन-तीन तास चालतो. लाकूड जळून दगड खाली बसले की अर्धवट जळलेली लाकडं बाहेर काढायची, नाहीतर भट्टीभर धुराचा कडवटपणा उतरतो, आणि दगड लांब काठीनं सारखे पसरायचे.

मग ओला पाला, दाबल्यावर चार बोटं जाड राहील एवढा. गवत, नेचे, आल्डर झाडाच्या फांद्या, शेवाळ, आणि किनाऱ्याकडे स्कंक कॅबेज नावाच्या दलदलीतल्या वनस्पतीची मोठमोठी पानं. काही भट्ट्यांत आल्डरची साल घालतात. तिनं कंदांना लालसर रंग चढतो. आतल्या डोंगराळ भागात कंदांबरोबर झाडांवर काळ्या दाढीसारखं लोंबणारं एक लायकेनही शिजवतात. ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीचं. आधी भिजवून धुऊन घेतात आणि शिजल्यावर त्याची कंदांच्या गोडीत मुरलेली काळी वडी होते. तापलेल्या पाल्यातून सौम्य आम्लं सुटतात, आणि साखळी तुटायला त्यांचीही मदत होत असावी.

पाल्यावर कंद. ते आधी धुऊन, मुळं आणि बाहेरची तपकिरी साल काढून, शक्यतो एकाच आकाराचे निवडून घ्यायचे. लहान-मोठे मिसळले तर लहान विरघळून पाल्याला चिकटतात आणि मोठ्यांचा गाभा पांढरा राहतो. कंदांवर पुन्हा जाड ओला पाला, त्यावर पूर्वी चटया असायच्या, आता ओलं गोणपाट. मग माती, चांगली चार-सहा बोटं. मध्ये एक काठी उभी ठेवलेली असते. माती लोटून झाली की ती उपसून भोकातून पाणी ओततात. दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला, वाफ वर आली, की भोक ताबडतोब बुजवायचं. वर पुन्हा जाळ करायचा. लुईसच्या नोंदीत हा वरचा जाळ १० ते १२ तासांचा आहे आणि त्यानंतर दोन-तीन तास निवण्याचे. इतर ठिकाणी दोन दिवस, काही ठिकाणी तीन. कंदांचा ढीग जितका मोठा तितका वेळ जास्त.

भट्टी बिघडते ती बहुतेक वेळा तिघांपैकी एका कारणानं. दगड पुरेसे तापले नाहीत, हे सर्वांत नेहमीचं. ओलं लाकूड किंवा घाई यामुळे. अशा भट्टीतले कंद मऊ पण फिकट निघतात, आणि ते खाणाऱ्याला रात्री जागवतात. दुसरं, पाला कमी पडला: तळचे कंद करपतात, वरचे कच्चे. तिसरं, वाफ निसटली. मातीला भेग पडून वाफेचा धागा दिसला की लगेच ओली माती थापावी लागते, म्हणून भट्टीजवळ रात्रभर कोणीतरी बसतं. पाण्याचंही तसंच आहे. कमी पडलं तर भाजणी कोरडी होते, जास्त ओतलं तर दगडच विझतात. सर्वांत मोठी चूक मात्र ‘झालं का बघू’ म्हणून मध्येच माती उकरण्याची. बाहेर गेलेली वाफ परत भरता येत नाही.

झालं की नाही हे रंग सांगतो. पांढरा गाभा पूर्ण तपकिरी झाला पाहिजे, चिरल्यावर मध्ये पांढरा ठिपकाही नको, आणि बोटांना काकवीसारखा चिकटपणा लागला पाहिजे. हे कंद तसेच खातात, किंवा कुटून वड्या थापून उन्हात वा धगीवर सुकवतात. सुकलेला कॅमस वर्षानुवर्षं टिकतो, वजनाला हलका पडतो, म्हणून तो दूरदूर व्यापारात जायचा. जिथे कॅमस होत नाही तिथले लोक त्याच्या बदल्यात आपल्याकडचा माल द्यायचे. हिवाळ्यात वडी पाण्यात भिजवून लापशी करायची. मधमाश्यांचा मध तिथे युरोपीय लोकांबरोबर आला. त्याआधी गोड म्हणजे फळं आणि हेच.

घरच्या स्वयंपाकघरात भट्टीची नक्कल जमते. जाड बुडाच्या पातेल्यात कंद, बुडाशी थोडं पाणी, झाकण घट्ट, आणि ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये. बारा तासांनी पहिल्यांदा पाहा आणि रंग येईपर्यंत चालू ठेवा. बऱ्याचदा पूर्ण दिवस लागतो. पाणी आटू देऊ नका. मंद आचेच्या विजेच्या भांड्यातही होतं. धुराचा आणि पाल्याचा वास त्याला येत नाही, पण साखळी तुटते. आपल्या कुकरच्या पाच-सात शिट्ट्यांनी मात्र भागणार नाही.

खणल्यानं वाढणारं शेत

कंद खणला म्हणजे झाड गेलं. मग हजारो वर्षं, पोत्यांनी कंद काढूनही हे माळ संपले कसे नाहीत?

कारण ती नुसती वेचणी नव्हती. खणायचं काम बायकांचं, हत्यार म्हणजे कठीण लाकडाची, टोक आगीत शेकून टणक केलेली, किंचित बाकदार काठी, आणि वर आडवी मूठ एल्क हरणाच्या शिंगाची. पुढे लोखंडी काठ्या आल्या. काठी रोपाच्या बाजूला रोवून मूठ दाबायची, की गवताचं ढेकूळ झाकणासारखं वर उचललं जातं. त्यातले मोठे कंद घ्यायचे, लहान तिथेच सोडायचे आणि ढेकूळ परत बसवायचं. खणणी बहुतेक बी पिकल्यावर होते, त्यामुळे त्याच झटक्यात बी भुसभुशीत मातीत पडतं. गर्दी कमी होते, जमिनीत हवा खेळते, लहान कंदांना जागा मिळते. आपल्याकडे हळदीच्या बेटातलं लहान बियाणं पुन्हा लावतात, त्यातलाच हा विचार. विलामेट खोऱ्यातल्या भट्ट्यांत सापडलेल्या जळक्या कंदांच्या अभ्यासातूनही दिसलं की सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून लोक पक्व कंदच निवडून काढत होते.

दुसरा आधार आगीचा. विलामेट खोऱ्यातले कालापुया लोक उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात माळ पेटवायचे. तेव्हा कॅमसचं सगळं जमिनीखाली झोपलेलं असतं, वरून झटकन गेलेल्या गवताच्या आगीचा त्याला त्रास नाही. जळतात ती झुडपं आणि डग्लस फर या सूचिपर्णी झाडाची रोपं, जी वाढली तर दहा-वीस वर्षांत माळाचं जंगल होतं आणि सावलीत कॅमस फुलत नाही. जाड सालीचे ओक तगतात. म्हणजे विरळ ओक आणि मध्ये निळा माळ हे चित्र निसर्गानं एकट्यानं काढलेलं नव्हतं. दक्षिण व्हँकुव्हर बेटावर तर कुटुंबांच्या मालकीचे वाफे होते, आईकडून मुलीकडे जाणारे.

बाहेरून आलेल्यांना हे दिसलं नाही. लुईसनं १२ जून १८०६ रोजी लिहिलं की फुललेला कॅमस लांबून स्वच्छ पाण्याच्या तळ्यांसारखा दिसतो. कास पठार निळं झालेलं पाहिलेल्या माणसाला ते वाक्य लगेच पटेल. पण तळं आपोआप होतं, तसं हे नव्हतं. हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीनं १८४३ मध्ये किल्ला बांधला ती त्याच बेटावरच्या व्हिक्टोरिया शहराची जमीन लेक्वंगन लोकांची कॅमसची शेती होती. नांगर फिरले, पाणथळ जमिनींतून चर काढून पाणी काढलं गेलं, गुरं आणि डुकरं सोडली गेली, माळ पेटवायला बंदी आली. डुकरं सर्वांत वाईट, कारण ती पानावर थांबत नाहीत, कंद उकरतात आणि लहान-मोठा पाहत नाहीत.

आयडाहोत या डुकरांवरून युद्ध पेटलं. १८६८ च्या फोर्ट ब्रिजर करारात बॅनक लोकांना कॅमस माळाचा हक्क द्यायचा ठरला होता, पण कागदावर ‘कॅमस’च्या जागी ‘कॅन्सस प्रेअरी’ असं उतरलं. त्या नावाचा माळ तिथे नव्हताच. वसाहतवाल्यांची डुकरं आणि गुरं माळावर चरत राहिली, आरक्षित जमिनीवर मिळणारा शिधा अपुरा, हिवाळ्याची बेगमी उकरली जात होती. १८७८ मध्ये बॅनक युद्ध झालं. एका भाजीच्या नावातली अक्षरं चुकली आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. हे वाचताना आजही चीड येते.

ब्रिटिश कोलंबियातली ओकची कुरणं आता मूळच्या ५ टक्क्यांहूनही कमी उरली आहेत. उरलेल्या माळांवर नेझ पर्स, ग्रँड रोंड आणि इतर समाज पुन्हा खणतात, भट्ट्या लावतात, नियंत्रित आगी लावतात. १८५५ च्या करारात मुळं आणि फळं गोळा करण्याचा हक्क नेझ पर्स लोकांनी लिहून राखून ठेवला होता, तो त्यांचाच आहे. इतरांनी उद्यानांत किंवा राखीव माळांवर खणू नये. बहुतेक ठिकाणी ते बेकायदेशीर आहे, आणि कायदा नसता तरी खणू नये.

पाहायला मात्र जरूर जावं. सिएटल-पोर्टलंड भागात बरीच मराठी घरं आहेत, त्यांना हे फार लांब नाही: पोर्टलंडजवळ वेस्ट लिनमधलं कॅमासिया नॅचरल एरिया, सेलम शहरातलं बुश पाश्चर पार्क, व्हिक्टोरियाचं बीकन हिल पार्क. एप्रिलचा उत्तरार्ध ते मेची सुरुवात ही वेळ. उंचावरचा वीप माळ जूनच्या आसपास फुलतो.

खायचाच असेल तर लावा

स्थानिक रोपवाटिकांतून कंद किंवा बी मिळतं. शोभेसाठी विकलेले कंद विकत आणून थेट खाऊ नका, त्यांना बुरशीनाशक लावलेलं असू शकतं; ते लावा आणि त्यांची पुढची पिढी खा. कंद शरदात, चार ते सहा इंच खोल. जड चिकणमाती चालते, वसंतात पाणी साचलं तरी चालतं. उन्हाळ्यात पाणी देऊ नका, तेव्हा त्याला कोरडी झोप हवी असते. कोवळा पाला हरणं खातात, म्हणून पहिली काही वर्षं जाळी लागते.

बी पेरायचं तर तेही शरदात, उघड्यावर. रुजण्याआधी त्याला काही आठवडे ओली थंडी, फ्रीजच्या आतल्या खणाएवढी, मिळावी लागते. तिच्याशिवाय ते उगवत नाही. हिवाळा असा थंड नसल्यामुळे महाराष्ट्रात याची लागवड करायच्या भानगडीत पडू नये. पेरणीपासून फुलापर्यंत तीन ते पाच वर्षं जातात, काढण्याजोगा कंद त्यानंतर. पहिल्या वर्षी प्रत्येक बीमागे दोऱ्याएवढं बारीक एकच पान येतं आणि ते हुबेहूब गवतासारखं दिसतं. बहुतेक वाफे याच वर्षी, तण समजून उपटल्यामुळे जातात. पेरल्याबरोबर वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि दुसऱ्या वसंतापर्यंत आत हात घालू नका.